घटक ४ : आभासी वास्तव आणि समकालीन कथात्म साहित्य

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला ‘आभासी वास्तव’ या संज्ञेचा अर्थ सांगता येईल, या विषयावरील काही महत्त्वाच्या कथा-कादंबऱ्यांचे आशयसूत्र स्पष्ट करता येईल, आणि अशी कलाकृती वाचून झाल्यावर स्वतःचे चिंतनपर टिपण कसे लिहावे याची दिशा मिळेल. तिसरे उद्दिष्ट सर्वांत महत्त्वाचे आहे. पहिली दोन त्याच्यासाठीच आहेत.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण महानगरीय कथेचा विचार केला. लोकल गाडी, चाळ, कारखान्याचा भोंगा ही त्या कथेत केवळ पार्श्वभूमी नसते. माणसांचे परस्परसंबंध त्यांच्यामुळे बदलतात, हे आपण पाहिले. तंत्रज्ञानविषयक कथात्म साहित्याकडेही याच दृष्टीने पाहावयाचे आहे.

या विषयावर विद्यार्थ्यांना टिपण लिहावयास सांगितले, की बहुतेकांची लेखणी एका ठरावीक वळणाने जाते. आरंभी तंत्रज्ञानाचे फायदे, मग तोटे, आणि अखेरीस ‘अतिरेक टाळावा’ हा उपदेश. ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा शालेय निबंध आपण सर्वांनी कधी ना कधी लिहिलेला असतो आणि त्याची सवय सहजासहजी सुटत नाही. परंतु कादंबरीला शाप किंवा वरदान ठरवावयाचे नसते. तिला एका माणसाचे एका प्रसंगी काय झाले ते सांगावयाचे असते. म्हणून अशी कलाकृती वाचताना दोन साधे प्रश्न हाताशी ठेवा. पात्र आभासी जगात वावरत असताना त्याचे शरीर कोठे असते? आणि ते आभासी जग कोणाच्या मालकीचे असते? हे प्रश्न वरकरणी साहित्यबाह्य वाटतील. पण कथेतील ताण बहुधा याच दोन ठिकाणी असतो, हे पुढील विवेचनातून तुमच्या लक्षात येईल.

४.२ संज्ञेविषयी

दहावीच्या विज्ञानात तुम्ही आरसे आणि भिंगे अभ्यासली आहेत. पडद्यावर घेता येते ती वास्तव प्रतिमा आणि घेता येत नाही ती आभासी प्रतिमा. सपाट आरशात दिसणारा आपला चेहरा आभासी असतो. म्हणजे भौतिकशास्त्रात ‘आभासी’ आणि ‘वास्तव’ हे एकमेकांचे विरोधी शब्द आहेत. ‘आभासी वास्तव’ या संज्ञेत मात्र ते दोन्ही शेजारी बसले आहेत. हा विरोध ध्यानात ठेवावा. कारण या साहित्याचा सारा व्यवहार या दोन शब्दांमधील फटीत चालतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. ही संज्ञा संगणकाच्या क्षेत्रात १९८० च्या दशकात जॅरन लॅनिअर यांच्यामुळे रूढ झाली. डोक्यावर चढवून त्रिमितीय दृश्य पाहण्याचे साधन आयव्हन सदरलँड यांनी त्यापूर्वीच, १९६८ मध्ये, तयार केले होते. परंतु हे शब्द त्याही आधी, १९३८ मध्ये, फ्रेंच नाट्यविचारवंत आंतोनँ आर्तो यांनी रंगभूमीविषयी लिहिताना वापरले होते. रंगमंचावरचा राजा राजा नसतो, हे प्रेक्षकाला ठाऊक असते, तरी त्याच्या मृत्यूने प्रेक्षक हेलावतो. संगीत नाटकातील रंगवलेल्या पडद्यापुढे रात्र रात्र बसणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. नाटकात आणि यंत्रनिर्मित आभासात फरक आहे तो इतकाच, की नाटकाचा पडदा ठरलेल्या वेळी पडतो.

४.३ ‘द मशीन स्टॉप्स’ : संदेश पोहोचतो, माणूस पोहोचत नाही

समकालीन साहित्याचा विचार १९०९ मधील कथेपासून सुरू करणे विचित्र वाटेल. परंतु ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा आज वाचताना तिच्या वयाचा विसर पडतो. ती प्रसिद्ध झाली तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती, नभोवाणीची केंद्रे नव्हती. दूरध्वनी होता, पण तो थोड्यांकडे.

कथेतील माणसे भूमीखाली राहतात. प्रत्येकाला मधमाशीच्या पोळ्यातील घरासारखी षट्कोनी खोली आहे. बटण दाबले की अन्न येते, स्नानाचे पाणी येते, संगीत सुरू होते, दिवा मालवतो. हे सारे एक महायंत्र पुरवते. वाश्ती ही प्रौढ स्त्री अशा एका खोलीत राहते. तिचे हजारो परिचित आहेत आणि त्यांतील जवळजवळ कोणालाही ती प्रत्यक्ष भेटलेली नाही. ती व्याख्याने देते. विषय संगीताच्या इतिहासाचा. वेळ साधारण दहा मिनिटे. ती आपल्या खोलीतून बोलते आणि श्रोते आपापल्या खोलीतून ऐकतात.

येथे तुम्ही क्षणभर थांबला असाल. तुम्हीही हा घटक घरी, कदाचित रात्रपाळीवरून आल्यावर किंवा मुले झोपल्यावर वाचत आहात. याच विषयावरचे व्याख्यान तुम्ही भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ऐकले असेल. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे आपल्या मुक्त विद्यापीठाचे ब्रीद आहे. वाश्तीच्या जगात ज्ञानगंगा इतक्या संपूर्णपणे घरोघरी पोहोचली आहे, की कोणाला घराबाहेर पडण्याचे प्रयोजनच उरलेले नाही. साम्य नाकारण्यात अर्थ नाही. भेद कोठे आहे, तो शोधावयाचा आहे.

वाश्तीचा मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहतो. तो एका चकतीवरून तिच्याशी संपर्क साधतो. चकती उजळते, तिच्यावर त्याची प्रतिमा दिसते, आवाज ऐकू येतो. त्याची मागणी एकच आहे : तू मला भेटायला ये. आईला ही मागणी कळत नाही. आपण आता भेटतोच आहोत, मग आणखी काय हवे, असे तिला वाटते. मुलाचे म्हणणे असे, की त्याला चकतीत जे दिसते ते तिच्यासारखे आहे, पण ती नाही. साऱ्या कथेचा कणा या एका संवादात आहे.

फॉर्स्टर या ठिकाणी एक दृष्टान्त योजतात. चकतीवरून माणसाचा साधारण भाव कळतो. चेहऱ्यावरच्या बारीक छटा कळत नाहीत. व्यवहाराला तेवढे पुरते, म्हणून यंत्राने त्या छटांची दखल घेतलेली नाही, जशी कृत्रिम द्राक्षे करणाऱ्यांनी द्राक्षावरच्या त्या नाजूक थराची घेतली नाही. नाशिक-तासगावकडील विद्यार्थ्यांना हा थर वेगळा सांगावयास नको. सालीवरचा तो धुरकट, पांढुरका लेप बोट लागताच पुसला जातो. घड हाताळला गेला आहे की नाही, हे जाणकार त्यावरून ओळखतो. त्याच्यावाचून द्राक्षाच्या गोडीत काही उणे येत नाही. तरी तो नसला तर काहीतरी गेलेले असते. फॉर्स्टर यांचा आक्षेप यंत्र खोटे बोलते असा नाही. यंत्र पुरेसे सांगते, आणि ‘पुरेसे’ हेच हळूहळू ‘सर्व’ मानले जाऊ लागते, असा तो आहे. हा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि माझ्या मते अधिक टिकाऊ.

अखेर वाश्ती हवाईजहाजाने प्रवास करते. वाटेत खाली हिमालय दिसतो. त्यातून आपल्याला काही विचार सुचत नाही, असे म्हणून ती खिडकी झाकून घेते. तोल जाताना जहाजावरील सेविका तिला सावरण्यासाठी हात लावते, तेव्हा ती रागावते, कारण स्पर्श ही त्या जगात असभ्य गोष्ट झालेली आहे. कुनोने केलेला अपराध याच संदर्भात कळतो. तो परवानगीशिवाय एका जुन्या वायुमार्गातून भूपृष्ठावर गेला होता. त्याने टेकड्या पाहिल्या, मोकळी हवा सोसली, आणि यंत्राच्या दुरुस्ती-यंत्रणेने त्याला पुन्हा खाली ओढून आणले.

(जाता जाता : फॉर्स्टर यांनी ही कथा लिहिली तेव्हा त्यांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. ते प्रथम आले १९१२ मध्ये. पुढे १९२१ साली ते देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले, आणि त्या मराठी दरबाराच्या आठवणी त्यांनी १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात प्रसिद्ध केल्या. ज्या देवासला नंतर कुमार गंधर्वांनी आपले घर केले, तेच हे गाव. खिडकी झाकून घेणाऱ्या वाश्तीचा निर्माता स्वतः मात्र गोकुळाष्टमीच्या गुलालात न्हाऊन निघाला होता, हे वाचताना गंमत वाटते.)

कथेच्या तिसऱ्या भागात एक व्याख्याता श्रोत्यांना प्रत्यक्षानुभवापासून सावध राहावयास सांगतो. फ्रेंच राज्यक्रांती समजून घ्यावयाची तर त्या घटनांकडे जाऊ नका. कोणी तिच्याविषयी काय म्हटले, त्या म्हणण्याविषयी दुसऱ्याने काय म्हटले, अशा दहाव्या हातून आलेल्या विचारांकडे जा, असा त्याचा सल्ला आहे. हा उतारा विनोदी आहे आणि तो आपल्याला झोंबावा असाच आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कादंबरी बाजूला ठेवून तिचे मार्गदर्शक वाचणारा विद्यार्थी नेमके हेच करीत असतो. हा घटकसुद्धा दुसऱ्या हातचाच आहे. म्हणून मूळ कथा मिळवून वाचा. ती फार मोठी नाही; दोन दुपारी पुरतात, आणि तिचे इंग्रजी अवघड नाही.

शेवट यंत्राच्या बिघाडाचा आहे. आधी संगीतात खरखर येते. लोक तक्रार करतात, मग त्यांना खरखरीची सवय होते आणि ती संगीताचाच भाग वाटू लागते. मग अन्नाला वास येतो, मग निजायची खाट मागवूनही येत नाही. दुरुस्ती करणारी यंत्रणाच दुरुस्तीला आलेली आहे, असे उत्तर मिळते. आणि एके दिवशी यंत्राची घरघर थांबते. जन्मापासून जिने कधी शांतता ऐकली नव्हती, त्या पिढीला ती शांतताच असह्य होते. कुनो आणि वाश्ती अखेरच्या क्षणी एकमेकांना प्रत्यक्ष भेटतात, स्पर्श करतात, आणि मरतात. शेवट काहीसा भाबडा आहे, असे मला वाटते. भूपृष्ठावर तगून राहिलेल्या माणसांचा उल्लेख करून लेखकाने आशेची सोय केली आहे. परंतु बिघाडाची सवय होत जाण्याचे वर्णन अजोड आहे.

आता भेदाकडे वळू. वाश्तीच्या श्रोत्यांजवळ व्याख्यानाशिवाय काहीच नाही. तुमच्याजवळ शेत आहे, दुकान आहे, कचेरी आहे, सासर-माहेर आहे; तुम्ही वाचलेले त्या जगात नेऊन तपासू शकता. शिवाय अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्राला तुम्ही एस.टी.ने तास-दोन तास प्रवास करून येता, तेव्हा तेथे शिक्षक सांगतात त्यातील बरेचसे पुस्तकात असते. तरी तुम्ही येता. का येता, याचे प्रामाणिक उत्तर शोधलेत, तर कुनोच्या मागणीचा अर्थ तुम्हांला कोणत्याही समीक्षेपेक्षा अधिक नेमका कळेल.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) वाश्ती ही खलपात्र आहे असे तुम्हांला वाटते काय? ती मुलावर प्रेम करते की नाही, हे कथेतील तिच्या कृतींच्या आधारे ठरवा.
(आ) द्राक्षाच्या दृष्टान्तासारखा, तुमच्या व्यवसायातील किंवा घरकामातील एक दृष्टान्त योजून ‘पुरेसे’ आणि ‘संपूर्ण’ यांतील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.

४.४ ‘द वेल्ट’ : बोलणाऱ्या भिंती

रे ब्रॅडबरी यांची ही कथा १९५० मधील. हॅडली दांपत्याने स्वयंचलित घर विकत घेतले आहे. घर स्वयंपाक करते, मुलांना न्हाऊ घालते, जोजवते. मुलांच्या खोलीच्या भिंती त्यांच्या मनातील दृश्य साकार करतात. पीटर आणि वेंडी या भावंडांना हल्ली एकच दृश्य हवे असते : आफ्रिकेतील तापलेले गवताळ रान आणि काहीतरी खात बसलेले सिंह. बापाला तेथे आपले चावलेले जुने पाकीट सापडते. घर बंद करण्याचा निर्णय होतो, मुले आकांत करतात, आणखी थोडाच वेळ म्हणून विनवतात. आई विरघळते. अखेर मुले आईबापांना त्या खोलीत कोंडतात, आणि सिंह आभासी राहत नाहीत.

कथा प्रभावी आहे. तिची पात्रे मात्र पातळ आहेत. धक्का बसला की तिचे काम संपते. परंतु तीत एक गोष्ट चांगली पकडली आहे. बापाने खोली घेतली ती मुलांच्या हौसेसाठी, आपल्याला उसंत मिळावी म्हणून. जे काम त्याने यंत्रावर सोपवले, त्याबरोबर पालकपणही सोपवले गेले, हे त्याला उशिरा कळते. मुलाच्या हातून भ्रमणध्वनी काढून घेताना ‘पाचच मिनिटे’ हे शब्द ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना अधिक विवेचन नको.

४.५ ‘स्नो क्रॅश’ : अवताराची पत

विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी १९८४ मध्ये आली. ‘सायबरस्पेस’ हा शब्द त्यांनीच दोन वर्षे आधी एका कथेत वापरला होता. ही संगणकयुगाची कादंबरी त्यांनी साध्या टंकलेखन यंत्रावर लिहिली, हा तपशील अनेक ठिकाणी आढळतो आणि तो खरा आहे. तिचा नायक केस याला संगणकांच्या जाळ्यातील विहारापुढे स्वतःचा देह तुच्छ वाटतो. देह म्हणजे केवळ मांस. शरीर कोठे असते, या आपल्या पहिल्या प्रश्नाला त्याचे उत्तर असे : कोठेतरी भाड्याच्या खुराड्यात टाकलेले. ही कादंबरी वाचण्यास कठीण आहे. प्रथम वाचनात सर्व न कळल्यास निराश होऊ नये.

नील स्टीफन्सन यांची ‘स्नो क्रॅश’ (१९९२) तुलनेने सुगम आणि खट्याळ आहे. ‘मेटाव्हर्स’ हा शब्द तिच्यातून आला. २०२१ च्या ऑक्टोबरात फेसबुक कंपनीने आपले नाव बदलून ‘मेटा’ केले, ते याच कल्पनेवरून. नायक हिरो हा आरंभी पिझ्झा घरपोच देणारा नोकर आहे. तो राहतो सामान साठवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाळ्यात, तोही जोडीदारासह. पण चश्मा चढवला, की तो मेटाव्हर्समधील ६५,५३६ किलोमीटर लांबीच्या रस्त्यावर प्रतिष्ठित नागरिक असतो. दिवसा हाताखाली राबणारा आणि रात्री मानकरी, असा हा दुहेरी संसार आहे.

तेथे जाण्यासाठी प्रत्येकाला एक रूप घ्यावे लागते. त्या रूपाला स्टीफन्सन ‘अवतार’ म्हणतात. हा शब्द त्यांच्यापूर्वी १९८० च्या दशकातील संगणकीय खेळांतही वापरला गेला होता. त्याला जगभर नेले ते या कादंबरीने. आपला शब्द परदेशी जाऊन आला, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याचा अर्थ प्रवासात कसा उलटला, ते पाहा. ‘अवतार’ म्हणजे खाली उतरणे. देव मर्त्य देह धारण करतो तो देहाची सर्व बंधने पत्करून. भूक, वनवास, बाणाची जखम त्याला चुकत नाही. कादंबरीतील माणूस अवतार घेतो तो नेमक्या या बंधनांतून सुटण्यासाठी. मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. विस्कटलेले केस, मळके कपडे घेऊन कोणी दारात उभा राहिला, की आपण म्हणतो, ‘काय हा अवतार!’ स्टीफन्सन यांना हा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु त्यांच्या कादंबरीला तोच अधिक लागू पडतो. कारण मेटाव्हर्समध्येही पत दिसते. ज्याच्याकडे पैसा किंवा कौशल्य आहे त्याचा अवतार रेखीव. ज्याच्याकडे नाही तो दुकानातून तयार साचा आणतो, आणि त्याच्यासारखे दिसणारे शेकडो रस्त्यावर फिरत असतात. जो सार्वजनिक यंत्रावरून आत येतो तो काळा-पांढरा आणि खरबरीत दिसतो, आणि सारे त्याला पाहताच ओळखतात. देह मागे ठेवला तरी वर्ग मागे राहत नाही. या कादंबरीवरील टिपणात हे निरीक्षण आले नाही, तर पाठलाग आणि तलवारबाजीची कितीही वर्णने येऊन उपयोग नाही.

४.६ मायावादाचा मोह

या विषयावरील विद्यार्थ्यांच्या टिपणांत एक विधान हमखास आढळते : ‘हे सर्व आपल्या वेदान्तात आधीच सांगितलेले आहे, जग ही माया आहे.’ तुलना निषिद्ध नाही. परंतु ती करावयाची तर शेवटपर्यंत करावी. वेदान्तातील मायेचे भाडे भरावे लागत नाही. तिची मुदत संपत नाही, तिच्या अटी बदलल्याचे पत्र येत नाही, आणि काही लोकांना ती स्पष्ट व काहींना धूसर, असा भेद पैशावरून होत नाही. आभासी वास्तवाला मालक असतो. तो मालक गृहीत धरला, की तत्त्वज्ञानाच्या प्रश्नाच्या शेजारी एक जुना, ओळखीचा प्रश्न येऊन बसतो : कुळाचा आणि जमीनमालकाचा. मराठी कादंबरीच्या वाचकाला हा प्रश्न परका नाही. पुढील दीर्घकथा मला या साऱ्या साहित्यात श्रेष्ठ वाटते, ती याच कारणाने.

४.७ ‘द लाइफसायकल ऑफ सॉफ्टवेअर ऑब्जेक्ट्स’ : सांभाळ

टेड चियांग यांची ही दीर्घकथा २०१० मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला पुढच्या वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळाला. अ‍ॅना आल्वारॅडो पूर्वी प्राणिसंग्रहालयात काम करीत असे. तिला एका संगणक कंपनीत नोकरी लागते. कंपनी आभासी जगात वाढणारे सजीववत प्राणी तयार करीत आहे. ते जन्मतः शहाणे नसतात. लहान मुलासारखे बोलायला, खेळायला, हट्ट करायला शिकतात. त्यांना शिकवणे हे अ‍ॅनाचे काम. तिचा सहकारी डेरेक त्यांचे देह आणि चेहरे रेखाटतो. ग्राहक हे प्राणी पाळण्यासाठी विकत घेतात.

काही काळाने बाजार ओसरतो. प्राणी वाढत जातात, अधिक लक्ष मागतात, ग्राहक कंटाळतात आणि त्यांना स्थगित करून ठेवतात. म्हणजे बटण दाबून थांबवतात. कंपनी बंद पडते. अ‍ॅना जॅक्स नावाच्या प्राण्याला आणि डेरेक मार्को व पोलो या दोघांना स्वतःकडे ठेवून घेतात. वर्षे जातात. मग खरे संकट येते, आणि ते कोणाच्या दुष्टपणातून येत नाही. ज्या आभासी जगात हे प्राणी राहतात ते जुने होते. लोक नव्या आभासी जगात निघून जातात, आणि या प्राण्यांची जुनी घडण तेथे चालत नाही. ती नव्याने जुळवून घेण्यास मोठा खर्च आहे. मागे राहिलेले जग ओस पडते. धरणात गाव जाणार म्हणून सारे उठून गेले आणि दोन-चार घरे मागे राहिली, तर मुलांना खेळायला कोणी उरू नये, तशी जॅक्सची अवस्था होते.

पैसा उभा करण्याचे दोन मार्ग समोर येतात. एक कंपनी या प्राण्यांच्या प्रती घेऊन त्यांना कामसुखाचे साथीदार म्हणून घडवू इच्छिते. अ‍ॅनाला ते मान्य नाही. दुसरा मार्ग म्हणजे अ‍ॅनाने एका नव्या कंपनीत नोकरी धरावी. पण तेथे कामावर असताना औषधाची पट्टी अंगाला लावावी लागेल, जिच्यामुळे त्या कंपनीच्या प्राण्यांविषयी तिला कृत्रिमरीत्या माया वाटू लागेल. मार्को म्हणतो, की पहिल्या कंपनीचा प्रस्ताव त्याला स्वतःला मान्य आहे. तो सज्ञान आहे काय? त्याच्या होकाराला होकार मानावे काय? डेरेक अखेर मार्कोच्या बाजूने निर्णय घेतो. त्या निर्णयात मार्कोच्या स्वातंत्र्याचा आदर किती आणि अ‍ॅनावरील अव्यक्त प्रेम किती, हे लेखक मुद्दाम मोकळे ठेवतो.

शिल्पाच्या दृष्टीने पाहता, या कथेत नाट्यमय प्रसंग जवळजवळ नाहीत. काही वाचकांना ती रूक्ष वाटते. ‘आणखी एक वर्ष गेले’ अशा स्वरूपाच्या उड्या घेत ती पुढे सरकते. परंतु हीच तिची योग्य रीत आहे. कारण तिचा विषय काळ हाच आहे. बुद्धी एका रात्रीत निर्माण होत नाही, ती कोणीतरी रोज वेळ देऊन वाढवावी लागते, हे तिचे म्हणणे आहे. तेव्हा आपल्या दोन प्रश्नांत येथे तिसऱ्याची भर घाला : हे जग किती दिवस चालणार, आणि ते चालू ठेवण्याचा भार कोण वाहणार?

ग्रामीण कथेच्या घटकात आपण अशा शेतकऱ्याच्या कथा अभ्यासल्या, ज्याला दुष्काळात किंवा कर्जापायी घरचा बैल बाजारात न्यावा लागतो. दावणीला वाढवलेले जनावर, त्याला विकण्याची पाळी, गिऱ्हाईक त्याचे काय करील याची धास्ती, आणि तरी घरच्या इतरांसाठी घेतलेला निर्णय. चियांग यांची कथा त्या कथांच्या शेजारी ठेवून वाचा. फरक महत्त्वाचा आहे : बैलाला गोठा बदलता येतो, चारा कोणत्याही गावचा चालतो. जॅक्सला त्याच्या जगाबाहेर श्वास नाही, आणि ते जग त्याच्या पालकाच्या मालकीचे नाही. अ‍ॅनाचे प्रेम खरे आहे. ज्यावर ते उभे आहे ती जमीन भाड्याची आहे.

‘तो प्राणी खरा नाहीच, मग एवढे दुःख कशाला?’ असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याला कथा थेट उत्तर देत नाही. ती फक्त अ‍ॅनाच्या आयुष्यातून गेलेली वर्षे दाखवते. ती वर्षे आभासी नव्हती.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) डेरेकचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो काय? मार्कोचे वय, अनुभव आणि परावलंबन विचारात घेऊन उत्तर लिहा.
(आ) ‘द वेल्ट’मधील बाप आणि अ‍ॅना यांच्या पालकत्वाची तुलना करा.

४.८ मराठी विज्ञानकथेचा संदर्भ

मराठीत विज्ञानकथेची परंपरा जुनी आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धांनी तिला बळ दिले. १९७४ च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले. लेखक जयंत विष्णु नारळीकर होते. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले. एका अर्थी हाही अवतारच. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत पुरातन ज्ञानाच्या साहाय्याने घडवलेला बुद्धिमान यंत्रमानव येतो, आणि शीर्षकातील पौराणिक संदर्भ त्याच्यापासूनचा धोका सुचवतो : बटूला तीन पावले जमीन दिली, की तो किती व्यापतो हे आपल्या हाती राहत नाही. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या कथाही या संदर्भात वाचाव्यात.

मराठी विज्ञानकथेचा ओढा कल्पनेच्या स्पष्टीकरणाकडे अधिक आहे आणि तंत्रज्ञानाच्या रोजच्या सहवासाकडे कमी, असे माझे मत आहे. ते तुम्ही मान्य करावे असा आग्रह नाही. परंतु दोन शहरांत नोकरी करणारे पती-पत्नी, परदेशी असलेल्या मुलाला रविवारी सायंकाळी पडद्यावर पाहणारे आईवडील, ही पात्रे आज मराठी कथेत सर्वत्र आहेत. त्यांच्या कथा ‘विज्ञानकथा’ या नावाखाली मोडत नाहीत, तरी या घटकातील प्रश्न त्यांनाही विचारता येतात. वाश्ती आणि कुनो हेही मुळात एक आई आणि दूर राहणारा मुलगाच आहेत.

४.९ स्वाध्याय

१. ‘आभासी वास्तव’ या संज्ञेतील अंतर्विरोध स्पष्ट करून, तो ‘द मशीन स्टॉप्स’ या कथेत कसा प्रकट होतो ते सोदाहरण लिहा.

२. ‘अवतार’ या शब्दाचा पारंपरिक अर्थ, मराठी बोलण्यातील अर्थ आणि ‘स्नो क्रॅश’मधील अर्थ यांची चर्चा करा.

३. तुम्ही वाचलेली एक पत्ररूप मराठी कथा किंवा कादंबरी घ्या. पत्र आणि पडदा या दोन माध्यमांत वाट पाहणे, लपवणे आणि गैरसमज होणे यांत काय फरक पडतो, याचा विचार करा.

४. चिंतनपर टिपण (सुमारे ६०० शब्द) : या घटकातील कोणतीही एक कलाकृती मुळातून वाचा. फायदे-तोटे लिहू नका. ज्या एका प्रसंगापाशी तुम्ही वाचताना थांबलात तो निवडा, त्या क्षणी पात्राचे शरीर कोठे होते आणि त्याच्या आभासी जगाचा मालक कोण होता ते नोंदवा, आणि तेथून पुढे लिहा. टिपण स्वहस्ते लिहून अभ्यासकेंद्रावरील पुढील संपर्कसत्राला घेऊन या. त्याचे वाचन वर्गात व्हावयाचे आहे.